दोराचे दुसरे टोक

1993 च्या डिसेंबरात, सह्याद्रीतल्या एका सुळक्याच्या मधल्या टप्प्यावर, माझ्या उजव्या हाताच्या पकडीतला दगड निखळून हातात आला. आपला कातळ असाच आहे. लांबून अखंड दिसतो, पण जवळ गेल्यावर त्याच्या थराथरांत मुरूम आणि माती भरलेली आढळते. म्हणून कोणत्याही पकडीवर भार टाकण्याआधी ती तळहाताने ठोकून तिचा आवाज ऐकायचा, ही शिस्त आम्हाला पहिल्या दिवसापासून लावलेली होती. त्या दिवशी मी ठोकायला विसरले. पडतानाचा क्षण मला आजही आठवत नाही. आठवतो तो कमरेला बसलेला हिसका, कातळावर आपटलेला गुडघा आणि खाली दोर धरून बसलेल्या दादाच्या तोंडून आलेला एकच शब्द, "धरलंय."

मी आठ-दहा फूट पडले असेन. गुडघा फुटला होता, तरी तो टप्पा मी पूर्ण केला, आणि संध्याकाळी सगळे खाली उतरल्यावर दादाने हात उघडून दाखवले. तेव्हा आमच्या गटाकडे दोर अडवणारे साधन नव्हते. खालच्या माणसाने दोर स्वतःच्या कमरेभोवती घेऊन दोन्ही हातांनी आवळायचा, हीच पद्धत होती. माझ्या वजनाने दोर त्याच्या मुठीतून हातभर पळाला होता आणि उजव्या तळहातावर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत तिरपा पट्टा सोलून निघाला होता. दादा एका छापखान्यात कामाला होता. पुढचे तीन आठवडे त्याला पाण्याचा पेला धड धरता येत नव्हता, आणि तेवढ्या दिवसांचा पगार कापला गेला, हे मला पुष्कळ उशिरा, तेही दुसऱ्याच कोणाकडून कळले.

महाविद्यालयात मी माझ्या पडण्याची गोष्ट कितीतरी वेळा सांगितली. दादाच्या हाताची गोष्ट मात्र मी क्वचितच सांगितली. आज वयाची पन्नाशी ओलांडल्यावर वाटते की त्या दिवशी कड्यावर जे घडले त्यातला सांगण्यासारखा भाग तोच होता.

त्या रात्री घरी आले तेव्हा आईने गुडघ्यावर हळद भरली. वडील दाराशी बसले होते. त्यांनी विचारले, "यासाठी तुम्ही पैसे भरता?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरोखरच समजून घ्यायचे होते. प्रवास, शिधा आणि दोराच्या खर्चातला वाटा धरून मी 120 रुपये दिले होते, असे मी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही फुकटात होतो तिथं."

ते काय म्हणत होते हे मला माहीत होते, कारण तिथे मीही होते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, हे आज पुस्तकांत वाचायला मिळते. आमच्या गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत मात्र त्याचा शेवट असा कोणत्याही एका तारखेला झाला नाही, तो नुसता झिजत गेला. पहिले काही आठवडे चाळीत सणासारखे वातावरण होते. माणसे दिवसा घरी असायची, गॅलरीत पत्ते चालायचे, सभांना जाताना वडील मला खांद्यावर घ्यायचे. नंतर पत्ते थांबले. चाळीतली काही कुटुंबे गावी निघून गेली आणि त्यांच्या खोल्यांना कुलपे लागली. साताऱ्याकडचे आमचे शेजारी जाताना आपले तुळशीचे कुंडे आमच्या दारात ठेवून गेले, ते न्यायला परत कधी आले नाहीत.

त्या काळाची माझ्या मनातली सगळ्यात स्पष्ट वस्तू म्हणजे वाण्याकडची वही. लांबट, लाल कापडी बांधणीची, वरच्या बाजूने उलटणारी. आई मला दुकानात पाठवायची तेव्हा मी काय मागायचे ते पाठ करून जात असे, आणि वाणी ते तोलून देऊन त्या वहीत आमच्या नावाखाली एक ओळ लिहीत असे. तांदूळ दोन किलो. गोडे तेल पाव किलो. साखर अर्धा किलो, हे पहिल्या महिन्यांत. पुढे साखर गेली आणि गूळ आला, मग गूळही गेला. पान भरले की तो खाली बेरीज करून ती पुढच्या पानाच्या डोक्यावर घेई. जवळजवळ चौदा महिने हे चालले. त्या चौदा महिन्यांत वडिलांनी भाजीची गाडी लावून पाहिली, गोदीत बदली हमाल म्हणून काम केले, एका इमारतीवर रात्रीची राखण केली. आईने आधी चार, मग सात, मग अकरा माणसांचे डबे करायला घेतले. एके दिवशी वाण्याने वही आईकडे फिरवून बेरजेखाली बोट ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, आता माझ्या पुढच्या माणसाने माझा माल थांबवलाय." आईने मान हलवली. त्याला तिने कधी बोल लावला नाही. पुढे डब्यांच्या पैशातून ती उधारी फेडायला तिला चार वर्षे लागली, आणि शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी तिने त्याच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

मी कड्यावर पडले तेव्हा मला धरणारा एक माणूस होता आणि त्याची किंमत त्याच्या तळहाताने चुकवली. आमचे घर पडत होते तेव्हाही एक माणूस होता, आणि त्याचाही हात सोलला गेला असणार. हातावर पोट असलेल्या घरांबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा त्या घरांच्या कष्टांबद्दल बोलतो, त्यांच्या सोशिकपणाबद्दल बोलतो. त्यांना धरून कोण आहे, तो किती वेळ धरू शकेल आणि त्याने सोडले तर पुढे काय, हे आपण विचारत नाही. माझ्या मते प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा.

'जोखीम' या शब्दाचा एक जुना अर्थ माझ्या आजीच्या तोंडी होता. गावाहून येताना तिच्या कमरेला पैशांची किंवा दागिन्यांची पुरचुंडी असली की ती म्हणायची, "माझ्याकडे जोखीम आहे, गर्दीच्या गाडीत नको चढायला." जोखीम म्हणजे धोका, आणि जोखीम म्हणजे सांभाळायला दिलेली मौल्यवान वस्तू, असे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदत होते. आज आपण त्यातला पहिला अर्थच वापरतो. दुसरा अर्थ विसरल्यामुळे आपले काहीतरी हरवले आहे, असे मला फार वाटते. कारण ज्याच्या जिवाला धोका आहे तो जीव कोणाच्या तरी हवाली केलेला आहे, ही जाणीव त्या शब्दात होती.

गिर्यारोहणाने मला कडा दिला, तसा कड्याखालचा पदरही दाखवला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून आपला सह्याद्री बनला. त्यातले काही थर कठीण आहेत, काही मऊ, आणि ते कमी-अधिक वेगाने झिजल्यामुळे आपल्या डोंगरांना पायऱ्या पडल्या आहेत. उभा कडा, त्याखाली उतरणीचा सपाट होत गेलेला टप्पा, मग पुन्हा कडा. त्या मधल्या टप्प्याला आपण पदर म्हणतो. वरच्या कड्याचा झिजलेला मुरूम, माती आणि दगडगोटे हजारो वर्षे ओघळून या पदरात साचत आले आहेत. म्हणून तिथे माती खोल असते, कड्यातून झिरपणारे पाणी तिथे झऱ्याने बाहेर येते, नाचणी-वरई पिकते, भाताचे दोन-चार तुकडे लागतात. आणि म्हणूनच ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांच्या वाड्या तिथे वसल्या. मला हे कळायला वीस वर्षे लागली की जी माती पदराला पीक देते ती मुळात वरून आलेली माती आहे, आणि ती तिथे कायमची बसलेली नाही. तीन-चार दिवस धो धो पाऊस लागला की पाणी त्या मातीत मुरते, तिचे वजन वाढते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि खालचा कातळ पाणी पुढे जाऊ देत नसल्यामुळे माती आणि कातळ यांच्या मध्ये पाण्याचा दाब चढत जातो. मग एका क्षणी सगळा उतार एकदम सुटतो. घर बांधायला, रस्ता काढायला किंवा शेताचा बांध घालायला उताराचा पायथा तोडलेला असेल तर तो क्षण लवकर येतो.

इर्शाळगडावर मी पहिल्यांदा 1995 च्या हिवाळ्यात गेले. मुंबई-पुणे वाटेवरून जाताना चौकच्या आसपास जो टोकदार सुळका आणि त्यातले आरपार भोक, म्हणजे नेढे, दिसते तोच हा गड. नानिवलीतून वाट चढते, एका बाजूला खाली मोरबे धरणाचे पाणी दिसू लागते, आणि चढ संपता संपता सुळक्याच्या पायाशी इर्शाळवाडी लागते. लागत असे. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेल्या भिंती, अंगणात वाळत घातलेले भात, कोंबड्या. सुळक्यावर चढाई करणारे सगळे गट तिथे थांबत. आम्हीही थांबलो, एका घरात तांदळाची भाकरी आणि पिठले खाल्ले आणि पाठपिशव्या त्यांच्या ओटीवर ठेवून वर गेलो. दिवसभर आम्ही त्या सुळक्यावर दोर बांधून धोका पत्करत होतो, एकमेकांच्या गाठी तपासत होतो, खालच्याने 'तयार' म्हटल्याशिवाय पाय उचलत नव्हतो. आणि नेढ्यात बसून खाली पाहताना ती वाडी आम्हाला आमच्या सुरक्षिततेची खूण वाटत होती. तिथे पोचलो की आपण सुटलो, इतकी ती वाडी आम्हाला निर्धास्त वाटे. त्या घरांकडे कड्याच्या बाजूने पाहावे, असे आमच्यातल्या एकाच्याही मनात आले नाही, आणि कातळ वाचण्याचे शिक्षण घेतलेले तर आम्हीच होतो.

19 जुलै 2023 च्या रात्री तो उतार सुटला. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीवर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. पावसात, धुक्यात आणि चिखलात माणसांनी हातांनी, कुदळी-फावड्यांनी माती उपसली. 23 जुलैला शोध थांबवण्यात आला तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 माणसे मातीखालीच राहिली होती. बचावासाठी पहिल्या रात्री धावलेल्यांत गिर्यारोहक होते. खोपोलीचे यशवंती हायकर्स होते, आजूबाजूच्या गावांतली माणसे होती. अग्निशमन दलाचा एक जवान ती वाट चढतानाच गेला. आमच्या गटातली तरुण मुले दुसऱ्या दिवशी गेली, मी पायथ्याशी थांबून वर जाणारे सामान बांधण्याचे काम केले. परत आलेला एक मुलगा मला म्हणाला, "मावशी, वाटेवर आपले बाण आहेत." चढाईला येणाऱ्या गटांनी वाट चुकू नये म्हणून दगडांवर रंगवलेले पांढरे बाण. त्या रात्री विजेऱ्यांच्या उजेडात माणसे त्या बाणांच्या आधाराने वर गेली होती. हे सांगून तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला माझ्याकडून काहीतरी ऐकायचे होते, आणि मला बोलता आले नाही.

त्यानंतरच्या दिवसांत सरकारच्या वतीने सांगण्यात आले की दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. या एका वाक्याने मला आजतागायत सोडलेले नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव गेले, 151 माणसे गेली, आणि जगाला ते कळले ते नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळिये गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्या तारखेला, 30 जुलै 2024 ला, याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्या रात्रीत वाहून गेल्या. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटाच्या नाजूकपणाबद्दलचा अहवाल 2011 मध्येच दिला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने उतारांचे नकाशे केले आहेत. म्हणजे कडा ठोकून पाहणारे हात आपल्याकडे आहेत, त्याचा आवाज ऐकणारे कानही आहेत. पण नकाशाचे काम मोठ्या पट्ट्यांवर चालते आणि वाडी असते चाळीस-पन्नास घरांची. तिच्या मागचा तो एक उतार, त्यावरची ती एक भेग, तो अचानक गढूळ झालेला झरा पाहायला कोणीतरी प्रत्यक्ष चालत जावे लागते.

ज्यांची नावे यादीत आहेत त्यांचे तरी काय होते, हे मी एका दुसऱ्या वाडीत पाहिले. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांना मी तसा शब्द दिला आहे. त्या वाडीला दर जूनमध्ये नोटीस येते. एका पानाची, टंकलिखित : अतिवृष्टीच्या काळात आपण कुटुंबीयांसह सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण स्वतः जबाबदार राहाल. ज्या आजींच्या घरी मी उतरते त्यांनी गेल्या सहा वर्षांच्या नोटिसा तांदळाच्या डब्याखाली नीट घडी करून ठेवल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही. कागद सरकारी आहे म्हणून त्यांनी तो टाकलेला नाही. मी त्यांना शेवटचे वाक्य वाचून दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, "जबाबदार म्हंजे आमीच ना?" मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, "ते तर हावच."

मग आपण खाली का जात नाही, असे मी त्यांना एकदाच विचारले, पुन्हा कधी विचारले नाही. त्या म्हणाल्या, "बाय, खाली नेऊन ठेवतील, पन खाली खायचं काय?" वर त्यांची दोन गुरे आहेत, शेळ्या आहेत, वरईचा तुकडा आहे, आणि वनहक्काच्या दाव्याचे कागद आहेत, ज्यात त्या कसतात त्यापेक्षा कमी जमीन मंजूर झाली आहे. पावसाळाभर सगळे सोडून खालच्या शाळेत जाऊन राहायचे तर गुरांना कोठे बांधायचे, आवणी कोणी करायची? वर्षातले खाणे ज्या चार महिन्यांत पेरायचे नेमके तेच चार महिने जागा सोडायची, हा पेच नोटिशीत कोठेही नाही. आणि त्यांच्या धाकट्या मुलाने जागा सोडलीही. दिवाळीनंतर उचल घेऊन तो बायको-मुलांसह वीटभट्टीवर जातो आणि जूनच्या तोंडाला परत येतो. उचल फिटली नसली तर पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे जावे लागते. तिथेही एक वही असते. त्या वहीबद्दल तो बोलतो तेव्हा मी माझ्या आईच्या वाण्याशी तिची तुलना करू धजत नाही, कारण आमच्या वहीने आम्हाला धरले होते आणि ही वही त्याला बांधून ठेवते.

शहरात गेलेल्यांच्याही वाट्याला पुष्कळदा उतारच आला आहे. 12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझादनगरमध्ये टेकडीचा भाग झोपड्यांवर आला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. 2 जुलै 2019 रोजी मध्यरात्रीनंतर मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत कोसळली. तिच्याखाली सापडलेली माणसेही अशीच कोठून तरी खाली आलेली होती, आणि खाली त्यांना परवडणारी जागा भिंतीच्या पायथ्याशीच मिळाली होती.

एक गोष्ट मला मनापासून सलते, ती लिहूनच टाकते. आम्ही कड्यावर जातो तेव्हा लोक आम्हाला धाडसी म्हणतात. वृत्तपत्रांत आमची छायाचित्रे येतात, शाळांत आम्हाला भाषणांना बोलावतात. आजींसारखी माणसे त्याच कड्याखाली तीनशे पासष्ट दिवस राहतात तेव्हा त्यांना अडाणी म्हटले जाते, हट्टी म्हटले जाते, आणि दरड कोसळल्यावर काही दिवस 'दुर्दैवी' म्हटले जाते. माझा धोका ठरलेल्या वेळेचा होता. शनिवारी रात्री सुरू व्हायचा आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीत संपायचा. मला त्यातून परत यायला घर होते, आणि ते घर उभे राहावे म्हणून कोणीतरी आधीच सोसलेले होते. मला भीती हवीशी वाटत होती, कारण माझ्या रोजच्या आयुष्यातून ती तोपर्यंत निघून गेली होती. वडिलांच्या आयुष्यातून ती कधी गेलीच नाही; निवृत्तीच्या वयातही महिन्याच्या पंचविसाव्या तारखेनंतर ते घरातल्या डब्यांची झाकणे उघडून पाहत, हे मी पाहिले आहे. त्यामुळे आमच्या खेळात असलेला आनंद मी नाकारत नाही, तो मला अजूनही खरा वाटतो. मात्र त्या खेळाने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे आणि ती मी विसरू शकत नाही. दोर बांधलेला माणूस पडला तर पहिला प्रश्न वरच्याला विचारत नाहीत. आमच्या गटात पहिला प्रश्न खालच्याला विचारला जाई : तू कोठे बसला होतास, आणि तुझे लक्ष कोठे होते?

गेल्या वर्षी मे महिन्यात आजींच्या वाडीच्या वर, कारवीच्या रानात, एक भेग सापडली. गुराख्यांनी ती आधीच पाहिली होती. तीस-पस्तीस पावले लांब, उताराला आडवी, काही ठिकाणी त्यात मूठ जाईल इतकी रुंद. आमच्या गटातल्या भूगर्भशास्त्र शिकलेल्या मुलीने ती चालत चालत पूर्ण पाहिली, तिच्या खालच्या बाजूची दोन झाडे किंचित कललेली दाखवली, आणि मग आम्ही तेच केले जे अशा ठिकाणी कोणालाही करता येते. भेगेच्या दोन्ही बाजूंना सागाच्या मेखा ठोकल्या, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला, अशा तीन जोड्या. प्रत्येक मेखेच्या डोक्यावर खिळा मारला. दोन खिळ्यांमधले अंतर टेपने मोजून लिहून ठेवले. ते अंतर वाढू लागले तर उतार सरकतो आहे. एका दिवसात बोटभर वाढले तर रात्र वाडीत काढायची नाही. अहवाल आम्ही कार्यालयात नेऊन दिला, पोच घेतली, पुन्हा दोनदा जाऊन विचारले, आणि पाहणीसाठी माणूस येईल असे आम्हाला सांगण्यात आले आहे.

तोपर्यंत मोजायचे कोणी, हा प्रश्न निघाला तेव्हा आजींचा नातू पुढे झाला. तो सातवीत आहे, आश्रमशाळेतून सुटीला आला होता, आणि पाऊस सुरू झाल्यावर शाळेत परत जाणार होता. म्हणून त्याने आपल्या चुलतबहिणीला मोजायला शिकवले. ती पाचवीपर्यंत शिकून घरी बसलेली आहे. टेपचे टोक खिळ्याला कसे लावायचे, टेप ढिला पडू द्यायचा नाही आणि ताणायचाही नाही, हे तो तिला जितक्या गांभीर्याने सांगत होता तितक्या गांभीर्याने मी कोणाला गाठ शिकवली असेल की नाही, मला शंका आहे. मी तिला शंभर पानी वही दिली. तिने पहिल्या पानावर तीन उभ्या रेघा मारून चार रकाने केले, वर तारीख, एक, दोन, तीन असे लिहिले, आणि आत आकडे भरायला सुरुवात केली.

वाडीत फोनला संपर्क मिळतो तो खिंडीपाशी, दहा मिनिटांच्या वाटेवर. पाऊस असला तरी ती संध्याकाळी तिथवर येते आणि मला आकडे पाठवते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस लागला होता. तिसऱ्या दिवशी आकडे आले नाहीत. मी मुंबईत खिडकीशी बसून रात्री साडेनऊपर्यंत फोन लावत राहिले, गटातल्या दोघांना गाडी काढायला सांगितली, पायथ्याच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला उठवले. दहाला संदेश आला. दुसऱ्या जोडीचे अंतर चार मिलिमीटरने वाढले होते. तिने ते घरी जाऊन सगळ्यांना सांगितले होते, आजींची गुरे सोडून खालच्या देवळापाशी नेऊन बांधली होती, पाच घरे रात्रीपुरती देवळात झोपायला आली होती, आणि हे सगळे होईपर्यंत तिला खिंडीत यायला उशीर झाला होता. शेवटी तिने लिहिले होते : "मावशी, उद्या सकाळी परत मोजते. तुम्ही फोन चालू ठेवा."

मी फोन उशाशी ठेवला. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी आकडे आले : 38.2, 41.9, 36.5. रात्रीच्या आकड्यांत फरक नव्हता. पाऊस थांबलेला नव्हता.